चावू नका, बाबा जेवतायत

माझे सासरे जेवायला बसले की घरात कुणी काकडी खायची नाही, असा कायदाच होता. पापड तर मी तळायचाच सोडून दिला होता. समोरच्याच्या तोंडात जरा 'कुरुम' झालं की बाबांचे कान लाल होत, मूठ वळे आणि ताट सरकवून ते तरातरा उठत. "ढोरावानी चावताय नुसते! जरा हलू खावा!" आता हळू म्हणजे किती हळू चावायचं माणसानं?

बरं, हा माणूस कोण? नारपोलीत जन्मभर पॉवरलूम चालवलेला! खाली कारखाना, वर आमचं घर. त्या खडखडाटात बाबा दुपारी खुशाल घोरायचे. डबाही कामगारांबरोबर चालत्या लूमशेजारीच खायचे, तेव्हा शेजारचा काय चावतोय ते देवालासुद्धा ऐकू जात नसे. दुखणं उघडं पडलं ते लूम विकल्यावर. घर शांत झालं आणि आमची जेवणं नासली. सासूबाई आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून, भाकरी आमटीत कुस्करून, एकट्याच जेवायच्या. जन्मभर ज्याला वाढलं, त्याच्यासमोर बसून चार घास खायची चोरी! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मीच बाबांना कल्याणला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. याला मिसोफोनिया म्हणतात, असं त्या म्हणाल्या. दोष कानात नाही, स्वभावातही नाही. ठरावीक साधासा आवाज मेंदूला धोक्यासारखा वाटतो आणि अंग पेटून उठतं. संमोहनानं आवाज बंद होणार नाही, पण तो ऐकताना अंग सैल सोडायला शिकता येतं का ते बघू.

"लिंबू-बिंबू आनाचा हाय का?" बाबांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला.

बाईंनी डोळे मिटायला लावले. "तुम्ही शांत समुद्रकिनाऱ्यावर बसला आहात..."

बाबांनी खाडकन डोळे उघडले. "तिथं कुनीतरी चणे खात बसल! मना माज्या कारखान्यान न्या ना, बाई."

बाई हसल्या आणि त्यांना कारखान्यात घेऊन गेल्या. सगळे लूम चालू आहेत, कुणाचंच काही ऐकू येत नाही... बाबांचे खांदे हळूहळू खाली आले.

पुढे घरी सराव. तोही ताप! पाहुणे आले तरी बाबा डोळे मिटून सोफ्यावर. "कुनी बोलू नका, मी कारखान्यान हाय!"

एका दुपारी मात्र त्यांनी स्वतःहून हाक मारली, "अगं, ताट घेऊन भायेर ये."

सासूबाई भीत भीत समोर बसल्या. बाबांच्या कपाळावर घाम. मांडीवरची मूठ वळत होती, सुटत होती, पुन्हा वळत होती. ते बघून सासूबाई घास न चावताच गिळायला लागल्या आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"अगं, चाव ना!" बाबा ओरडले. "गिळतेस काय नुसती? मी बसलोय ना हितं!"

सासूबाई पाणी प्यायल्या, त्यांनी दुसरा घास घेतला आणि चावला. चांगला ऐकू येईल असा चावला. दारात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले, पण ते उठले नाहीत.