आतोबा परत आले तर

माणूस जिवंत आहे की नाही हे चार जण बसून ठरवतात, हे मला सहावीत असताना कळलं. तोवर मला वाटायचं, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, मी जन्मले त्याच वर्षी गेले. गेले म्हणजे वारले नव्हेत, नुसते गेले. यात्रेला आलेल्या एका कुटुंबाला स्टेशनावर पोचवून येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. वर्षभर वाट पाहून आत्या आमच्याकडे, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरी राहायला आली आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. तिचं सासर पाच मिनिटांवर, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. दर रविवारी ती सासूबाईंना न्हाऊ घालायला तिकडे जायची.

गल्लीतल्या मराठी बायकांना या आत्याचं काय करायचं ते उमगत नसे. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला यायचं. पण नव्या नवरीची ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, तुम्ही बसा हो, शाळेतून थकून आला असाल. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती शाळेतून थकून आलेली असायची. मी तिला मनातल्या मनात अर्धी सवाष्ण म्हणत असे.

वटसावित्रीचा उपास मात्र तिच्याकडून पूर्ण करवून घेतला जाई. आईबरोबर तीही वडाला सूत गुंडाळायची. एका वर्षी मी विचारलं की उपास लागू पडत असेल तर आतोबा जिवंत असणार, आणि जिवंत असतील तर मग ते येत का नाहीत? आईनं पाठीत धपाटा घातला. आत्या हसली आणि म्हणाली, हिला गणित येणार.

त्या वर्षी पितृपक्ष जवळ आला तेव्हा आत्याचे धाकटे दीर आमच्याकडे आले. माझे बाबा याज्ञिक, होमहवन आणि श्राद्धं चालवणारे, त्यामुळे ते आले यात विशेष काही नव्हतं. पण ते आत्या शाळेत असताना आले. मला ताप होता म्हणून मी घरी होते, नि दाराआड कान लावून बसण्याइतपत बरीही होते.

"दादा, आता बारा वर्षं पूर्ण झाली," ते बाबांना म्हणाले. "अम्मा रोज विचारते, मुलाच्या नावानं पाणी सोडू की नको? एकदाचं निपटून टाकू."

बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याला मेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करून तो मणिकर्णिकेवर जाळायचा आणि दिवस घालायचे, असा विधी आहे. तो झाला की आत्या विधवा. म्हणजे सकाळी अर्धी सवाष्ण शाळेत जाणार आणि संध्याकाळी तिच्या बांगड्या फोडायला दोघी दारात उभ्या राहणार. बाबांनी मान हलवली आणि सरळ पंचांग उघडलं. सख्ख्या बहिणीची गोष्ट होती, तरी तिला विचारू या असं त्यांच्या मनातही आलं नाही. मला बाबांचा असा राग यापूर्वी कधी आला नव्हता.

संध्याकाळी मीच आत्याला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं लाल पेनाला टोपण लावलं. मग उठून बाबांसमोर जाऊन बसली. मीही मागोमाग गेले, आणि मला कुणी हाकललं नाही.

तिनं रडारड केली नाही. तिनं एवढंच विचारलं, की विधी झाल्यावर तो माणूस परत आला तर?

बाबांची कळी खुलली. शास्त्रातला आडवळणाचा प्रश्न कुणी काढला की त्यांना भान राहत नसे. त्यांनी पोथी काढली आणि रंगात येऊन सांगू लागले. असा माणूस परतला तर त्याला तुपात बुडवून बाहेर काढायचं, म्हणजे तो नव्यानं जन्मला. मग त्याचं जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. एवढं तूप आणायचं कुठून, असं मी विचारलं. दाढीमिशा असलेले आतोबा पाळण्यात, ही कल्पना मला फारच आवडली होती. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

"आणि शेवटी लग्न," बाबा म्हणाले. "त्याच बायकोशी पुन्हा."

"मला विचारून?" आत्यानं विचारलं.

बाबांनी पोथीत पाहिलं. पान उलटलं, पुन्हा मागे आले. पुढचे दोन दिवस ते आणखी पोथ्या चाळत होते, एका वृद्ध शास्त्र्यांनाही जाऊन भेटले. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिरांना निरोप धाडला, की तिला विचारल्याशिवाय मी दर्भाला हात लावणार नाही. माझा राग गेला असं नाही, पण कमी झाला.

मग रविवारी आत्याच्या सासूबाई आल्या. गुडघ्यांनी अधू बाई, दोन नातवांचा आधार घेत गल्लीच्या पायऱ्या चढून आल्या. बारा वर्षांत त्या आमच्या घरी पहिल्यांदाच येत होत्या. आल्या त्या खाली सतरंजीवरच टेकल्या आणि म्हणाल्या, "मी फार परेशान आहे गं. तू नको म्हणालीस तर राहू दे."

आत्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मुलाला पाणी द्यायचा तुमचा हक्क आहे, विधी करा, असं ती म्हणाली. मग तिनं आपलं सांगितलं. मंगळसूत्र मी आजच, माझ्या हातानं काढून तुमच्याकडे देते. कुंकू तुमच्या घरी यायच्या आधीपासून लावतेय, ते लावणार. वटसावित्री आता करणार नाही. आणि सुतक धरून घरात बसणार नाही, माझ्या मुलींची सहामाही परीक्षा आहे.

स्वतः विधवा असलेल्या सासूबाई तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." त्या एका शब्दानं आईला रडू आलं.

ज्या सकाळी बाबा पुतळा घेऊन गेले, त्या सकाळी गल्लीतल्या दोघी जणी आमच्या दारात आल्याच. आईनं नंतर सांगितलं, की सासूबाई आमच्याकडेच बसून होत्या आणि त्यांनी त्या दोघींना उंबऱ्यातूनच परतवून लावलं. ती शाळेत गेलीय, मला सांगून गेलीय, म्हणाल्या.

शाळेत आत्या आमच्या वर्गावर होती. मोकळा गळा, कपाळावर नेहमीचं कुंकू. ती फळ्यावर अपूर्णांक लिहीत होती आणि माझं फळ्याकडे लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत मी तिला गाठून विचारलं, तुला वाईट वाटतंय का?

"वाटतंय," ती म्हणाली. "पुष्कळ वाटतंय."

मग मी विचारलं, आणि आतोबा खरंच आले तर?

तिनं डबा उघडला, त्यातली अर्धी पोळी मला दिली आणि विचार करून म्हणाली, "आले तर त्यांना पाट दे, पाणी दे. मला बोलवायची घाई करू नकोस."