बोटीमागचं पाणी

चष्मेवाली वहिनी म्हणजे प्रश्नांचं पोतं, असं तिचा नवराच म्हणायचा. डोळे तपासायला आलेला माणूस दुकानातल्या खुर्चीत बसला, की ती त्याच्यापुढे एक भिंग धरायची, मग दुसरं, आणि विचारायची, "हे की ते?" माणूस "दोन्ही सारखंच" म्हणाला, तर ते तिच्या गळी उतरायचं नाही. "सारखं कसं असेल? नीट बघा," म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाहेर बाकावर ताटकळणारी गिऱ्हाइकं सुस्कारे टाकायची, पण दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाहीत.

रविवारी दुकान बंद आणि वहिनी तळ्यावर. तिथे वॉटर स्कीचा एक छोटा क्लब होता. पत्र्याची शेड, खुंट्यांवर टांगलेली ओली लाइफ जॅकेटं, पुढ्यात पाण्यात गेलेला लाकडी धक्का, एवढाच संसार. नवरा शाळेत खेळाचा मास्तर आणि क्लबातला जुना गडी. क्लबाचा खेळ स्लालमचा. बोट सरळ रेषेत धावते; तिच्या दोरीची मूठ धरून माणूस एकाच स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांबट फळीवर, उभा राहतो आणि नागमोडी जात पाण्यावर तरंगणाऱ्या लाल गोळ्यांना, म्हणजे बोयांना, वळसे घालतो. बोट चालवायची धाकटी नणंद. एरवी ती शहरातली बस चालवायची. वहिनीचं काम म्हणजे बोटीत उलट्या तोंडाने बसायचं, मागच्या माणसावर नजर ठेवायची आणि तो पडला, की झेंडा वर करून ओरडायचं, "पडला गं!"

इतकी वर्षं तिने हेच केलं होतं. पोहता चांगलं यायचं, पण स्कीवर कधी पाय ठेवला नव्हता. "घरात एक वेडा पुरे," म्हणायची.

त्या वर्षी क्लबाच्या जुन्या बोटीचा तळ आतून कुजलेला निघाला. नणंदेने बोटाने दाबून पाहिलं, तर बोट आत गेलं. "संपलं हिचं," ती म्हणाली आणि नवी बोट शोधायची वेळ आली.

शोधाशोध करता करता दोन बोटी उरल्या. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून विक्रेत्याने दोन्ही चालवून बघायला धक्क्याला आणून बांधल्या. दोन्ही स्लालमच्याच. इंजिन मधोमध आणि दोरी शेपटीला न बांधता मधल्या खांबाला, म्हणजे मागच्या माणसाने कितीही हिसका दिला तरी बोट वाकडी जात नाही. पण एक होती रुंद, पुढच्या बाजूलाही मऊ बाकं असलेली, अख्खं खटलं बसेल अशी. दुसरी अरुंद, बुटकी, चार माणसं बसली की पाचव्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. नणंदेने लगेच बारसं करून टाकलं, म्हैस आणि काडी.

क्लबातल्या बेकरीवाल्याचा जीव म्हशीवर जडला. त्याला तीन पोरं, शिवाय बायको आणि सासू. "सगळ्यांना एकदम नेता येईल," तो म्हणाला.

"आपल्याला बोट घ्यायचीय की दिवाणखाना?" दातांचे डॉक्टर फणकारले. क्लबात त्यांच्याइतका तरबेज कुणी नव्हता आणि त्यांना काडीच हवी होती.

मग डॉक्टर आणि मास्तर दोघेही दोन्ही बोटींमागे जाऊन आले, नेहमीच्या सुसाट वेगाने. डॉक्टर धक्क्यावर चढले, केसांतलं पाणी झटकलं आणि नाइलाजाने म्हणाले, "खोटं कशाला बोलू? दोन्हींमागे पाणी तव्यासारखं सपाट. मला फरक कळला नाही."

बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. नणंदेलाही म्हैसच आवडली होती, कारण तिच्यावरून पुढचं चौफेर दिसायचं. आणि वहिनीला? तिला तर मागे टेकायला गादी मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा रविवारी तिची पाठ दुखली नव्हती. म्हैस घेतल्यातच जमा होती.

पण म्हशीतून आणखी एक चक्कर मारून परतताना नणंदेने वेग कमी केला आणि उलट्या तोंडाने बसलेल्या वहिनीला काहीतरी दिसलं. मघापर्यंत सपाट असलेल्या पाण्यात दोन बाजूंना दोन वरंबे उठले, चांगले गुडघ्याएवढे.

"अगं, हे काय?"

"काय होणार? वेगात बोट पाण्यावर चढते, हळू झाली की पाण्यात बसते. मग लाट उठते."

"काडीमागेही एवढीच उठते?"

"मला काय विचारतेस वहिनी? मी पुढे बघते, मागे तू बघतेस."

वहिनीला आता चैन पडेना. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "हळू कोण जातं?"

"शिकणारे," नवरा म्हणाला. "पोरं. म्हातारे."

"मग हळू जाऊन कुणी पाहिलं का?"

डॉक्टर म्हणाले, ते हळू गेल्याला इतकी वर्षं झाली होती, की आता मुद्दाम गेले तरी त्यांचे पाय त्या लाटेला सहज गिळून टाकतील. त्यांना काही कळायचं नाही.

"मग मी जाते," वहिनी म्हणाली.

नवऱ्याला आधी थट्टाच वाटली. पण तिने खुंटीवरचं जॅकेट काढून बंद आवळायला घेतले, तेव्हा तो तिच्यासाठी स्की आणायला शेडमध्ये गेला.

शिकायला हंगामापर्यंतचे सगळे रविवार गेले. "तू उठू नकोस, बोट उठवेल तुला," नणंद ओरडून सांगायची. "खुर्चीत बसल्यासारखी बस, हात सरळ!" वहिनी उठायची घाई करायची आणि तोंडावर आपटायची. झेंडा आता नवऱ्याकडे होता. ती पडायच्या आधीच तो घाबरून "पडली!" ओरडायचा, आणि पाण्यातून तिचा आवाज यायचा, "अहो, पडू तर द्या!" नाकातोंडात पाणी जायचं, दुसऱ्या दिवशी दुकानात भिंग धरताना दंड ठणकायचे. पण एके दिवशी तिने घाई केली नाही, नुसती बसून राहिली आणि पाणी आपोआप पायांखाली घट्ट झालं. दोन स्की, वाकडे गुडघे, पण ती उभी होती. तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती पडली.

मग खरी परीक्षा. आधी म्हैस. वळसे घालायचे बोये वरंब्यापलीकडे, म्हणून तो पार करून बाहेर जायचं होतं. बोटीतून तो गुडघ्याएवढा वाटला होता. पाण्यावरून भिंतीसारखा दिसला. स्कीची टोकं त्यात अडकली आणि वहिनी कोलांटी खाऊन पलीकडे. दुसऱ्यांदा तेच. मग काडी. लाट इथेही होती, पण लोळल्यासारखी, मऊ. ती कधी ओलांडली हे कळलंही नाही. गेली, परत आली, पुन्हा गेली.

"आता परत म्हैस," ती धापा टाकत म्हणाली.

"अगं, कळलं की आता!"

"एकदा कळलेलं खरं नसतं. हे की ते, हे की ते, असं आलटून पालटून बघावं लागतं."

म्हशीमागे ती पुन्हा आपटली.

टॉवेल गुंडाळून धक्क्यावर बसल्यावर ती म्हणाली, "मला म्हैसच आवडते. गादीसाठी तर फारच. पण शिकायला ती वाईट."

"तुम्ही नवीन आहात वहिनी, म्हणून पडलात," बेकरीवाला म्हणाला.

"अगदी बरोबर. आणि तुमची पोरं?"

बेकरीवाला उठून शर्ट काढू लागला. शिकला होता तरुणपणी, पण मग पोरांना घेऊन काठावरच बसायचा. म्हशीमागे त्याचा असा काही धोबीपछाड झाला, की डॉक्टरांनी डोळे झाकून घेतले. काडीमागे मात्र तो डुलत डुलत दोन्ही लाटा ओलांडून आला.

"घ्या काडी," तो वर येऊन एवढंच म्हणाला. पुढे महिनाभर तो मनातून हिरमुसलेलाच होता. सगळं कुटुंब एकदम काही जाईना. सासूबाई तर तळ्यावर यायच्याच बंद झाल्या. त्याची धाकटी पोर मात्र पहिल्याच उन्हाळ्यात लाट ओलांडायला शिकली आणि तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी त्यानेच मारली.

वहिनीची पाठ काडीत पुन्हा दुखू लागली, म्हणून ती बोटीत कमी आणि पाण्यात जास्त राहू लागली. हंगाम सरता सरता एका स्कीवर उभी राहिली. मग एका सकाळी तिने पहिल्या बोयाचा नेम धरला. डॉक्टर धक्क्यावरून सूचना देत होते, "बोयाकडे बघू नका, पलीकडे बघा!" ती बोयाकडेच बघत राहिली, अगदी शेवटपर्यंत, आणि वळसा पुरा व्हायच्या आत मूठ सुटून त्याच्या शेजारीच बुडाली.

नणंदेने बोट वळवून जवळ आणली. वहिनी बोयाला कान लावून त्यावर टिचक्या मारत होती.

"लागलं का गं?"

"नाही. अगं, हा आतून पोकळ आहे का?"