फक्त वेगाची चाचणी

जुईनगरच्या कॉम्प्युटरवाल्यानं मला फसवलं. माझं तुर्भ्याचं गोदाम तळोज्याच्या एका कारखान्याच्या सिस्टिमशी जोडायचं होतं, म्हणून तो दोन फ्रेमवर्क, म्हणजे जोडणीची तयार सॉफ्टवेअरं, तपासायला आला. प्रत्येक चाचणी तीनदा घ्यायचा, मधे चष्मा पुसायचा आणि "बघू, शेठ" एवढंच बोलायचा. वेग आणि निरोप पाठवायचे कारखान्याचे नियम, दोन्ही तपासतो म्हणाला. मी घासाघीस करून फक्त वेग ठेवला आणि वेगवान निघालं ते घेतलं. आता कारखान्याची सिस्टिम माझा एकही निरोप घेत नाही; नियमात बसत नाही म्हणे. गिऱ्हाईक तुटायला आलंय.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. नियम मी फुकटात तपासले." त्यानं चष्मा पुसला. "पण शेठ, तुम्हीच म्हणालात, वेगाशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

माणूस प्रामाणिक आहे, मान्य. पण माझं बोलणं इतकं मनावर घ्यायला त्याला कोणी सांगितलं होतं, याचं उत्तर त्यानं द्यावं.