खारबावची माती

माळ्यावरचा भाडेकरू करणी करतो, ही अफवा मी उठवली होती. सत्तरी ओलांडल्यावर आता ते लिहून टाकतो. त्याच्या खिडकीत बोटभर उंचीची हिरवट, प्रेतासारखी माणसं वाळत होती, शेजारी मातीची पुडी. मी घरमालकाला म्हणालो, "स्मशानातली माती हाय ती." मालकाने त्याला खोली सोडायला लावली.

निघायच्या दिवशी त्यानेच मला वर बोलावलं. "या ना काका, बघा तरी." टेबलावर तीच बोटभर माणसं उभी होती, लढाईच्या पटावरच्या खेळातले सैनिक. त्याने एक पांढरा सैनिक उचलून त्यावर पाणीदार हिरवा रंग सोडला. रंग अंगरख्याच्या चुण्यांत उतरला आणि सैनिक काचेसारखा आरपार वाटू लागला. मी खुर्ची पुढे ओढली. मग तळाच्या चकतीवर गोंद लावून त्याने माती भुरभुरली आणि आमच्या कारखान्यात लूमखाली, म्हणजे यंत्रमागाखाली, साचणारा कापसाचा भुगा पिंजून पायांभोवती चिकटवला. सैनिक धुक्यात तरंगायला लागला. तोच भुगा मी जन्मभर झाडून फेकला होता.

"आणखी एक कर," मी म्हणालो. त्याने तीन केले.

"माती कुठली रे?"

"खारबावची, खाडीकाठची. बारीक असते."

"आणि पाय तर दिसतच न्हाय."

तो हसला. "पाय तेवढे झाकायचे काका. पुढचं भूत बघणारा स्वतःच बनवतो."

खाली टेम्पो आला. मी त्याची खोकी उतरवली, पण अफवा माझीच, हे सांगितलं नाही.

माळ्याच्या त्या दारावर मालक अजून लिंबू-मिरची बांधतो. उद्या ती मी सोडणार आहे, त्याच्यादेखत.