मानवतहून येणारा फोन

नोकरीसाठी मी घर सोडलं त्या सकाळी माय मला पोचवायला पिंगळी स्टेशनवर आली होती. पूर्णेकडे जाणारी पॅसेंजर लागली, मी बॅग आत टाकून खिडकीशी बसले, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. रुळांपलीकडच्या माळावर तिची नजर होती. गाडी हलायच्या आत खिडकीपाशी आली आणि एवढंच म्हणाली, "पोचलीस की कळव, सुमे. त्यानं कळवलं न्हाई."

तो म्हणजे माझा थोरला भाऊ, नामा.

आमची मेंढरं होती, थोडी शेळ्याही. वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे जनावरं नामाकडे आली. एके संध्याकाळी ती एकटीच घरी परतली. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या वाटेनं, मागून कोणी हाकत आणावं तशी शिस्तीत. कुत्रं सोबत होतं. ते दारात बसलं, माळाकडे तोंड करून. गावानं विहिरी पाहिल्या, ओढे पालथे घातले. माळाच्या टोकाला एका बाभळीवर त्याचं घोंगडं सापडलं, नीट घडी घालून ठेवलेलं. भांडण नव्हतं, आजार नव्हता. पुढे कोणी म्हणे सुरतेला दिसला, कोणी म्हणे नागपूरला. माय प्रत्येकाचं ऐकून घ्यायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची.

म्हणजे आमच्या घरातून दोघं गेली. एक सांगून, एक न सांगता. सांगून गेलेल्याची वाट कोणी बघत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या येण्याजाण्याची गाडी ठरलेली असते.

परभणीत डिप्लोमा करून मी हैदराबादला नोकरीला लागले. आमच्याकडच्या माणसाला हैदराबाद तसं परकं वाटत नाही. आमच्या बोलीतले कितीतरी शब्द तिकडच्या बाजारात मला जसेच्या तसे भेटले. पण संध्याकाळी रूमवर आलं की 'आलीस का' म्हणणारं कोणी नसायचं. ज्यांनी गाव सोडलंय त्यांना ते कुलूप उघडणं ठाऊक असेल.

काम मात्र मला आवडायचं. तेव्हा इंटरनेट आजच्यासारखं दिवसभर वाहत नसे. कंपन्यांच्या लहान गावातल्या शाखांमध्ये आम्ही आयएसडीएनची, म्हणजे टेलिफोन खात्याची डिजिटल लाइन घेऊन तिला राउटर जोडायचो. वहीएवढा डबा, पुढे चार-दोन दिवे. कोणाला हेड ऑफिसला काही पाठवायचं झालं की डबा आपला आपण फोन लावायचा, काम झालं की कट करायचा. पहिला नंबर लागला नाही तर दुसरा लावायचा. ते नंबर त्याला शिकवायचे, हे माझं काम. बऱ्याच ठिकाणी डेटाचा कॉल पुढे सरकत नसे, मग राउटरला साध्या फोनसारखा कॉल करायला सांगावं लागे. असा कॉल चुकून कोणाच्या घरी गेला तर तिथली घंटा वाजायची. उचलला की आधी शांतता. मग बारीकशी खरखर, थांबली, परत खरखर. पलीकडे आपल्यासारखं कोणी आहे का, एवढंच डबा विचारत असतो. उत्तर आलं नाही की थोड्या वेळानं ठेवून देतो.

माय हैदराबादला यायला तयार नव्हती. म्हणून निदान आवाज ऐकू यावा यासाठी मी गावच्या घरी फोन बसवून घेतला. दसऱ्याला मी फोन केला, तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, "नामाचा बी फोन येतो."

"काय म्हणतो?"

"बोलत न्हाई. दम लागल्यावानी श्वास घेतो. मी बोलते."

मी विषय बदलला. एकट्या बाईच्या मनाचे खेळ, असं स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला काही सुचलं नाही.

होळीला घरी गेले. दुपारची जेवणं झाली, गल्ली सामसूम होती. माय भांडी घासता घासता थांबली, हात पुसले आणि फोनशेजारी जाऊन बसली. मी विचारलं, "कोणाचा यायचाय?" तिनं बोट ओठावर ठेवलं. आणि घंटा वाजली.

मीच उचलला. पलीकडे कोणी नव्हतं, म्हणजे कोणीतरी होतं. मोकळ्या माळावर उभं राहिल्यावर कानात भरते तशी पोकळी. मग श्वास. थांबला. पुन्हा श्वास. 'नामादादा' असं तोंडातून निघणारच होतं, तेवढ्यात कानाला ती लय ओळखीची वाटली. ही खरखर मी हैदराबादच्या टेबलावर शेकडो वेळा ऐकली होती.

"माय, हे मशीन हाय."

तिनं माझ्या हातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला आणि पाठ फिरवून हळू आवाजात म्हणाली, "शेळी व्याली बघ, दोन पिल्लं झाली." फोन कट होईपर्यंत ती त्याला घरचं सांगत राहिली.

धुळवड झाल्यावर मी परभणीतून नंबर दाखवणारी डबी आणून फोनला जोडली. दुपारी फोन आला तेव्हा डबीवर जिल्ह्यातल्याच मानवत गावचा नंबर उमटला. मी तो फिरवला. एका कापूस व्यापाऱ्याचं ऑफिस निघालं. मॅनेजर काझीसाहेबांना मी माझं काम सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो ताई, या की. त्या डब्यानं आमाला लय परेशान केलंय."

माय म्हणाली, "मी बी येते." तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, डब्यात धपाटे बांधले. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. एसटीत ती पूर्ण वेळ डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती.

काझीसाहेबांनी मागची खोली उघडली. कपाशीचा वास, बंद खिडकी आणि फळीवर एकटा राउटर. मायनं खोली नीट बघून घेतली, दाराच्या मागे सुद्धा.

"हितं कोण राहतं, साहेब?"

"कोणीच न्हाई, मावशी. खोली बंदच असते. लाइट जळायलेत का बघायला मी येतो तेवढंच."

मी लॅपटॉप जोडला. परभणीच्या हेड ऑफिसचा पहिला नंबर बरोबर होता. दुसऱ्यात एक आकडा चुकला होता, आणि त्या चुकीतून आमच्या घरचा नंबर तयार झाला होता. दुपारी हेड ऑफिसची लाइन गुंतलेली असली की डबा पिंगळीला, माझ्या मायला फोन लावत होता.

मी तिला समजावून सांगितलं. ती दिव्यांकडे बघत राहिली. मग मी राउटरला काझीसाहेबांच्या टेबलावरचा फोन लावायला सांगितलं. पुढच्या खोलीत घंटा वाजली. माय गेली, तिनं रिसीव्हर उचलला आणि उभ्याउभ्या ऐकलं. बराच वेळ. काझीसाहेबांनी हातातला चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला.

"हाच हाय," ती म्हणाली. "असाच येतो."

मी नंबर दुरुस्त केला, पण तो सेव्ह करायला बोट पुढे होईना. तो आकडा बदलला की माझ्या मायच्या दुपारी रिकाम्या होणार होत्या. तिनं ते ओळखलं. "कर," म्हणाली. "त्यांचं काम खोळंबलंय. लोकांचं नुकसान नको." मी केलं. धपाटे तिनं काझीसाहेबांना दिले.

निघताना त्यांना बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून म्हणाले, "काय करावं, मावशी. दिवाळी झाली तवा बसवलं हे मशीन. तवापासून बिघडलेलंच."

परतीच्या एसटीत माय खिडकीतून बाहेर बघत होती. पिंगळीचा फाटा जवळ आला तेव्हा शांतपणे म्हणाली, "दिवाळी झाल्यावर बसवलं म्हणले ते."

"हौ."

"मला तर आखाडापासून येतो."

मी 'तुझा घोळ होतोय' म्हणणार होते. आणि मग आठवलं, तिनं मला ही गोष्ट दसऱ्याला सांगितली होती. तेव्हा मानवतच्या त्या खोलीत राउटर नव्हताच. दुसरी एखादी शाखा असेल, दुसरा कोणता डबा असेल, अशी शंभर कारणं मला माझ्या कामातून ठाऊक होती. त्यातलं एकही मी तिला सांगितलं नाही. मलाही ते ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर फोन यायचा की नाही, मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. मी फोन केला की ती आधी काहीच बोलायची नाही. उचलायची आणि ऐकत राहायची. मीच 'माय, मी सुमन' म्हटलं की मग बोलायची, आणि त्या बोलण्यात जरा निराशा असायची. ती निराशा लपवायचा माय फार प्रयत्न करायची.

पुढे आयएसडीएन गेलं, मीही दुसऱ्या कामाला लागले. गावात मोबाइल आले आणि आमच्या घरची लाइन एका पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच. फोन उचलून माळ्यावर ठेवला गेला. मला वाटलं, आता तरी ती हैदराबादला येईल. माझी मुलं मोठी झालीत, घरात जागा आहे, खाली बाग आहे. ती येते, चार दिवस राहते आणि परतीची गाडी विचारते. मागच्या खेपेला मी न राहवून म्हणाले, "आता तर फोन बी न्हाई, माय. कशासाठी जायचं?"

तिनं माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "त्याला आता फोनचं काम न्हाई," ती म्हणाली.

मी अजूनही वर्षातून दोनदा पिंगळीला उतरते. गाडी दुपारीच पोचते. स्टेशनवर घ्यायला कोणी येत नाही, कारण ती वेळ तिची रिकामी नसते. दार ओढून घेतलेलं असतं. आतून तिचा आवाज येतो, पिकाचं, शेजारणीच्या भांडणाचं, माझ्या मुलांच्या परीक्षांचं सांगणारा. मी हाक मारत नाही. चप्पल काढून ओसरीवर बसते, बॅग शेजारी ठेवते. घर म्हटलं की आता मला हे बसणंच आठवतं. न सांगता गेला त्याची जागा आत आहे, सांगून गेलेलीनं बाहेर थांबायचं.

बोलता बोलता ती मध्येच थांबते. मी श्वास रोखून ऐकते. काहीच ऐकू येत नाही. आणि मग आत माझी माय, कोणीतरी गंमत सांगितल्यासारखी, खुदकन हसते.