रोटीला दुसरा हात

मी रंगारी. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण घरात कधी चहासुद्धा केला नाही. काम सुटल्यावर बायकोला ऐटीत म्हटलं, "आज ओव्हनमध्ये रंगीत रोटी मी भाजतो. रंगातलं मला कोण शिकवणार?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोटी थापली. बीट, गाजर, रताळं उकडून घोटलं आणि कोऱ्या ब्रशानं तीन पट्टे ओढले. कडा अशा सरळ की गवंड्यानं लाजावं. मग सवयच ती, पहिला हात वाळायला रोटी तासभर पंख्याखाली ठेवली आणि भिंतीला देतात तसा वरून दुसरा हात दिला.

भाजून निघाली ती ओल धरलेल्या भिंतीसारखी. मी म्हटलं, "शेड जरा उतरली."

लोकांच्या भिंतींवर मी करायचो तशी बायकोनं रोटीवर टकटक केली. "प्लास्टर सुटलंय."

तरी तिनं एक तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि गिळला. मी आशेनं बघत राहिलो.

"पहिला हात ठीक होता," ती म्हणाली. "दुसरा आता भांड्यांवर मारा."