पान तीन ते सत्त्याऐंशी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या एका वाचनालयात मी कारकून होतो. अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं होतं, आणि ते चांगलं आहे हे मी कोणाला विसरू देत नसे. जिल्ह्यातल्या घराघरांत हातानं लिहिलेल्या पोथ्या पडून आहेत, त्यांची यादी करावी असं वाचनालयानं ठरवलं. हे काम एका निवृत्त गुरुजींकडे आलं आणि त्यांच्या हाताखाली मी. कार्डांसाठी नवा कागद मिळाला नाही. जुन्या राज्याचे छापील फॉर्म कोपऱ्यात पडले होते, ते कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही खाने आखले.

पहिली दहा-बारा कार्डं मी माझ्या मनानं भरली. ‘काळ’ या खान्यात लिहिलं, ‘फार जुनी’. दुसऱ्या कार्डावर ‘आजोबांच्या वेळची’. ‘अक्षर’ या खान्यात एकदा ‘मोत्यासारखं’ आणि एकदा, खरं सांगतो, ‘माझ्यापेक्षा वाईट’. गुरुजींनी ती कार्डं टेबलावर पसरली.

“‘फार जुनी’ अन् ‘आजोबांच्या वेळची’, यातली आधी कोणती लावू, सांग बे.”

मी दोन्ही कार्डं उलटसुलट लावून पाहिली.

“खान्यात काय बसते ते आधी ठरव, मंग खाना आख,” ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त ठरवत बसलो. काळाच्या खान्यात आकडाच, पोथीत शक लिहिलेला असेल तर तो, नसेल तर शून्य. लिपी दोनच शब्दांत, बाळबोध किंवा मोडी. शाई काळी, लाल किंवा दोन्ही. स्थितीच्या खान्यात तीन शब्द चालतील: पूर्ण, जीर्ण, खंडित. त्यापलीकडे काही नाही. मी म्हटलं, शेवटी एक ‘शेरा’ खाना ठेवू, काही उरलं तर लिहायला. गुरुजी नाही म्हणाले. शेऱ्याची सोय केली की माणूस बाकीचे खाने नीट भरत नाही, हा त्यांचा शाळेतला अनुभव. मला राग आला होता. माझं चांगलं अक्षर आता ‘काळी’ आणि ‘लाल’ लिहिण्यात जाणार होतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. कार्ड भरलं की ज्याची पोथी त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. लोकांच्या घरातलं काही लिहून नेतो, तर त्यांना कळलं पाहिजे.

धामणगाव बढ्याला भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरात एकादशीच्या कथांची पोथी होती. घरातल्या म्हाताऱ्यानं ती देवघरातून काढली, हळदकुंकू लागलेलं लाल कापड सोडलं. पहिली दोन पानं नव्हती. कुठं गेली विचारलं, तर म्हातारा म्हणाला, “सुनेनं माहेरून आणेल आहे. उंदरानं नेली असतीन.” सून दाराआड उभी होती. तिला विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही. मी स्थितीच्या खान्यात ‘खंडित’ लिहिलं, खड्या आवाजात वाचून दाखवलं आणि चहा पिऊन निघालो.

आठवडाभरानं ती सून बुलढाण्याला आली. एकटी, घाटातल्या गाडीनं, पिशवीत मेथीच्या जुड्या आणि जुड्यांखाली ती पोथी. वाचनालयाच्या दारातच थांबली.

“भाऊ, तुमी माह्या पोथीले खंडित लिवलं. मामाजी म्हनतात, खंडित वस्तू देवघरात चालत नाही. भंगलेली मूर्ती ठेवतो काय आपन? अमावस्येले नदीत सोडनार हायेत.” मग हळूच म्हणाली, “माह्या बाबाच्या हातची हाय.”

अमावस्या चार दिवसांवर होती. तिचा म्हातारा सासरा वाईट नव्हता, रीतीनंच वागत होता. मोडलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, हे मलाही ठाऊक होतं. फक्त कार्ड भरताना ते आठवलं नव्हतं. लाज वाटली की मला आधी चिडायला होतं. मी तिला म्हटलं, “बाई, इथं तीनच शब्द चालतात. पूर्ण नाही, जीर्ण नाही, मग दुसरं काय लिहू?” ती आत आली, पिशवी उराशी धरून बाकावर बसून राहिली.

गुरुजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोथी पाहिली आणि कार्ड हातात घेतलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

“चूक तुही नाही,” ते मला म्हणाले. “तो शब्द मी देल्ला. तू त्या घरी पाहिलं काय? पानं पाहिली. तर पानंच लिहाची होती. मोडली का धड, हा निवाडा आपल्याले कोनी मागतला होता?”

त्यांनी पट्टी घेतली, ‘स्थिती’चा खाना खोडला आणि तिथं नवा आखला: ‘पानं, पासून, पर्यंत’. त्यात फक्त आकडे. मी नवं कार्ड भरलं आणि तिला वाचून दाखवलं, “पानं तीनपासून सत्त्याऐंशीपर्यंत.” तिनं ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्याची नक्कल मागून घेतली आणि शेवटच्या गाडीनं गेली.

एका खान्यासाठी आमची सगळी कार्डं बाद झाली. ‘खंडित’ लिहिलं होतं, पण कोणती पानं नाहीत हे कुठंच लिहिलं नव्हतं. पुन्हा त्याच गावांना, त्याच घरांत जायचं. मी आठ दिवस कुरकुर केली. आज त्या हिवाळ्याचे उपकार मानतो, कारण त्या दुसऱ्या फेरीत मी पहिल्यांदा दाराआडच्या माणसांना विचारायला शिकलो.

धामणगावला जायचं मी लांबवत होतो. अमावस्या केव्हाच होऊन गेली होती, आणि आपल्या हातानं एक पोथी बुडाली असेल असं वाटत राही. शेवटी गेलो. म्हाताऱ्यानं काही न विचारता देवघर उघडलं. लाल कापडात पोथी होती आणि पोथीवर मी दिलेली कार्डाची नक्कल, तिलाही कुंकू लागलेलं.

“आमची पोथी तीनपासून सुरू होते,” तो म्हणाला. तो हे मोठ्या ऐटीत सांगत होता.

मी सुनेकडे वळलो. जे पहिल्या दिवशी विचारायचं ते आता विचारलं, “ताई, पहिली दोन पानं कुठं गेली?”

“बाबा गेले तवा दादानं त्याईच्या छातीवर ठेवली,” ती म्हणाली. “त्याईच्यासंगं गेली, भाऊ. हरवली नाहीत.”

कार्डावर हे लिहायला खाना नव्हता. गुरुजींनी शेरा ठेवू दिला नव्हता, म्हणून इतकी वर्षं ते माझ्याजवळच राहिलं, आणि आज इथं लिहून ठेवतो आहे.